बाबांना सांगितलेली पिल्लं

बाभुळगावच्या आमच्या घरामागे सांदवाडी होती. हा शब्द ऐकला की माझ्या मुलीच्या डोळ्यांसमोर मोठी बाग येते, पण तसं काही नव्हतं. मागच्या दारातून वीस पावलं टाकली की बोरीच्या काट्यांचं कुंपण लागायचं. न्हाणीचं पाणी जिकडे वाहत जाई तिकडे कोणी न लावता वाढलेली चार झाडं होती. एक जामाचं, ज्याला पुण्याकडचे लोक पेरू म्हणतात. एक गोडनिंबाचं, ज्याची पानं आळीतल्या साऱ्या बायका फोडणीसाठी विचारून न्यायच्या. एक लिंबाचं, ज्याला कधी लिंबू लागलं नाही. आणि न्हाणीच्या भिंतीला टेकून वाढलेली लाल जास्वंद. तिला रोज साबणाचं पाणी मिळायचं आणि तरी ती अशी माजली होती की सकाळी न्हाणीत जाताना पानं बाजूला सारावी लागत. माझ्या लहानपणाचं बरंच काही मी विसरले आहे. शाळेतल्या बाईंचं नाव आठवत नाही. त्या जास्वंदीची मात्र कुठली फांदी कुठे वळली होती ते मला आजही काढून दाखवता येईल.

बाबा गवंडी होते. त्यांना लिहिता-वाचता जेमतेम येत होतं, पण वीट हातात घेऊन तिला बोटानं टिचकी मारायचे आणि आवाजावरून सांगायचे, ही भाजली, ही कच्ची. त्यांचे कान असे होते. आई भाकर थापत असली तर अंगणात बसून ते म्हणायचे, "पीठ सैल झालं वाटते आज," आणि आई आतून म्हणायची, "तुमीच या मंग थापाले." आमच्या घरात असं बोलणं भरपूर होतं. सकाळी आईच्या भाकरीचा आवाज, बाबांचा खोकला, शेजारच्या जैबुनचाचीच्या कोंबड्या, आणि सगळ्यावर ताण म्हणजे आमच्या भुरीचं म्याव. भुरी माझी मांजर. करड्या रंगाची, एक कान फाटलेला. ती मला चाचीच्या लाकडांच्या ढिगात सापडली होती आणि तेव्हापासून ती माझ्या मागे-मागे असायची. मी न्हाणीत गेले की ती न्हाणीच्या दाराशी, मी विहिरीवर गेले की ती विहिरीच्या वाटेवर. मला त्याचा फार अभिमान होता. आळीत दुसऱ्या कोणाच्या मागे मांजर चालत नव्हती.

त्या उन्हाळ्यात शाळेला सुट्या लागल्या आणि चारच दिवसांत बाबांना लोकांनी बैलगाडीत घालून घरी आणलं. एका घराच्या कामावर चुना विरवत असताना टाक्यातला चुना उसळला आणि दोन्ही डोळ्यांत गेला. लोकांनी बादल्या-बादल्या पाणी मारलं होतं म्हणून चेहरा तेवढा वाचला. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात आठ दिवस राहून ते परत आले तेव्हा त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर कापसाचे गोळे आणि वरून पांढरी पट्टी होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, महिनाभर पट्टी काढायची नाही, आठवड्यातून एकदा फक्त आम्ही बदलू. उजेड नको, धूळ नको, वाकणं नको, धावपळ नको. डोळे येतील का, असं आईनं विचारलं. त्यावर डॉक्टर म्हणाले, पट्टी निघेल तेव्हा पाहू. आईनं हे वाक्य घरी आणलं आणि मग ते आमच्या घरात राहायलाच आलं. कोणी बोलत नसलं तरी ते ऐकू यायचं.

आईला कामावर जाणं भाग होतं. उन्हाळ्यात वावरं साफ करायची कामं निघायची, धसकटं वेचायची, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचे भारे बांधायचे. ती उजाडताच भाकरी आणि आंबाडीची भाजी, नाहीतर जवारीच्या कण्या करून ठेवायची आणि जायची. घरात बाबा आणि मी. अकरा वर्षांची होते मी. बाबांना हाताला धरून न्हाणीत न्यायचं, कण्यांवर ताक ओतून वाटी हातात द्यायची, दुपारी ओलं फडकं खिडकीला लावायचं, अशी माझी कामं. पण खरं काम दुसरं होतं. बाबा विचारायचे आणि मी सांगायचं. "शालू, ऊन कुठवर आलं?" "उंबरठ्याच्या आत एक वीत आलं बाबा." "कोण गेलं?" "चाचीची शबाना." "कपडे कोणते घातले तिनं?" असं कधी नाही ते सगळं ते विचारू लागले होते. दिसत होतं तेव्हा शबानाच्या कपड्यांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

घरटं आधी त्यांनाच कळलं, तेही ऐकून. एका सकाळी मी त्यांना न्हाणीकडे नेत होते तर ते जास्वंदीजवळ थांबले. "थांब. इथी कोणी तरी हाय." मी म्हटलं, कोणी नाही. "हाय. पाय बरं वर." मी पाहिलं तर पानांतून एक बुलबुल भुर्रकन उडाला. डोक्यावर काळा तुरा, शेपटीखाली लाल डाग. माझा हात पोचत नव्हता, म्हणून बाबांची लाकडी घोडी ओढत आणली, ज्यावर उभं राहून ते उंच भिंतीचं काम करायचे ती. तिच्यावर चढले आणि फांदी वाकवली. वाटीएवढं घरटं होतं. काड्या, मुळ्या, आणि आईच्या जुन्या लुगड्याचा एक दोरा. आत तीन अंडी. गुलाबी, त्यांवर विटेच्या भुकटीसारखे ठिपके.

बाबा खालीच उभे होते, न्हाणीच्या भिंतीला हात लावून. मी सांगत गेले आणि त्यांच्या चेहऱ्यावर, पट्टीच्या खाली, पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. त्या दिवसापासून दुसरे प्रश्न कमी झाले. उठल्याबरोबर, "पाह्यलं काय?" जेवण झालं की, "जाऊन ये बरं एकदा." मी दिवसातून दहादा घोडीवर चढायची. बाबा मला बजावायचे, "जास्त हात नको लावू. आन उतरली का घोडी बाजूले करत जाजो. तुयी भुरी चढन नाही तं." मी हो म्हणायची. कधी करायची, कधी विसरायची.

आज हे लिहिताना मला लख्ख दिसतं ते तेव्हा दिसत नव्हतं. भुरी माझ्या मागे असायची. मी जास्वंदीखाली उभी राहिले की तीही तिथेच बसायची, शेपूट पायांभोवती घेऊन, मान वर करून. मी फांदी वाकवली की पक्षी ओरडत उडायचे आणि ती पाहायची. मी तिला दिवसातून दहा वेळा घरटं दाखवत होते. गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या दारावरच्या मधुमालतीत बुलबुलानं घर केलं. मुलगी आणि नात तासा-तासाला मोबाइल वर धरून फोटो काढत होत्या, आणि शेजारच्यांची सोनेरी मांजर त्यांच्या मागे फाटकावर बसलेली. मी इतक्या जोरात ओरडले की नात रडायला लागली. मुलगी म्हणाली, "आई, फोटोच तर काढतोय." मी शेजारी जाऊन हात जोडून म्हटलं, पंधरा दिवस मांजर आत ठेवा. त्या बाईंनी ठेवली. त्यांना वाटलं असेल म्हातारी वेडी आहे.

अंडी फुटली ती सकाळ मला आठवते, कारण बाबांना मी ओरडून सांगितलं आणि ते बिछान्यातून एकदम उठून बसले. मग डॉक्टरांची आठवण होऊन आपलेच दोन्ही हात पट्टीवर ठेवून स्तब्ध झाले. तीन पिल्लं. कातडी नुसती, त्यातून आतलं सगळं दिसत होतं, डोळे बंद. "डोळे बंद हायत त्यायचे बी," मी म्हटलं. बाबा म्हणाले, "उघडतीन." आणि मग थोड्या वेळानं, स्वतःशी बोलल्यासारखं, "त्यायचे उघडतीन तवर आपले बी उघडतीन." मला वाटतं त्यांनी तेव्हा मनाशी काहीतरी बांधून घेतलं. मीही घेतलं. अकरा वर्षांच्या मुलीला अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

त्या दिवसापासून बाबांच्या सांगण्यावरून भुरीला दिवसा स्वयंपाकाच्या खोलीत कोंडायचं ठरलं. सहा दिवस मी ते केलं. आता पिल्लांचा आवाज बाबांना आतून, मागच्या खिडकीतून ऐकू येत होता. माय-बाप किडे घेऊन आले की तिघं एकदम ची-ची करायची, आणि बाबा चटईवर पडल्या-पडल्या मोजायचे. "आतापर्यंत अठरा खेपा झाल्या. आपल्यापेक्षा जास्त राबून राह्यले." संध्याकाळी आई आल्यावर आम्ही बुद्धाच्या तसबिरीसमोर बसून वंदना म्हणायचो. बाबा तोंड कुठे करायचं ते विचारायचे आणि मी त्यांना खांद्याला धरून वळवायची.

सातव्या दिवशी दुपारी भुरी दाराआड फार रडू लागली. खोली लहान, वर छपराचे कवेलू तापलेले, चूल नुकती विझलेली. बाबांचा डोळा लागला होता, निदान मला तसं वाटलं, आणि तिच्या ओरडण्यानं ते जागे होतील म्हणून मी कडी काढली. पाणी पिऊन होऊ दे, मग पुन्हा कोंडू, असा विचार. तेवढ्यात कुंपणापलीकडून चाचीनं हाक मारली. "अगे शालू, आ ना बेटी, आम का रस हाय, शबाना तुयी वाट पाहून राह्यली." मी गेले. एक वाटी रस प्यायला किती वेळ लागतो? पण शबानानं सागरगोटे काढले. मी तीन डाव खेळले. तिसरा जिंकले सुद्धा.

कुंपणातून परत येताना पक्ष्यांचा आवाज आला. ते नेहमीचं ओरडणं नव्हतं. एका सुरात, न थांबता, एखादं कापड फाडत जावं तसं. जास्वंदीखाली घोडी तशीच उभी होती, सकाळी मी ठेवली होती तिथेच. घरटं एका बाजूनं लोंबत होतं. भुरी जामाच्या झाडाखाली बसून काहीतरी खात होती आणि मला पाहून तिनं शेपटी हलवली. तिला वाटलं असेल, मी खूश होईन. दुसरं पिल्लू मातीत पडलेलं होतं, ते मेलेलं होतं हे लगेच कळत होतं. आणि तिसरं जिवंत होतं. जास्वंदीच्या बुडाशी, ओल्या जागेत. एक पंख वाकडा, मानेवर रक्त, आणि तोंड उघडून ओरडत होतं. एवढासा जीव, पण आवाज असा की मला वाटलं सगळी आळी गोळा होईल.

पुढचं मी आजवर दोनच माणसांना सांगितलं आहे. एक बाबा, दुसरे माझे यजमान. आता तिसऱ्यांदा लिहिते आहे. त्या वेळी मला पिल्लाला उचलावंसं वाटलं नाही. पाणी द्यावं, चाचीला बोलवावं, कापसात ठेवावं, यातलं काही मनात आलं नाही. मनात एकच आलं, की खिडकी उघडी आहे आणि बाबा ऐकतील. न्हाणीपाशी बाबांचं लोखंडी घमेलं पडलं होतं, ज्यातून ते विटा जोडायचा मसाला वाहायचे. मी ते उचललं आणि पिल्लावर पालथं घातलं. घमेलं दगडाला लागून वाजलं. आवाज कमी झाला, पण बंद झाला नाही. मी भुरीला उचलून कोंडलं, घोडी भिंतीला लावून ठेवली, मेलेलं पिल्लू जामाखाली पुरलं, आणि घरात येऊन बाबांच्या पायापाशी बसले. तिथूनही तो आवाज ऐकू येत होता. लोखंडाच्या आतून येणारा, अगदी बारीक. बाबा भिंतीकडे तोंड करून निजले होते. मी पंख्यानं त्यांना वारा घालत राहिले. ऊन घमेल्यावरून सरकत होतं ते मला उंबरठ्यावरच्या सावलीवरून कळत होतं. केव्हातरी आवाज थांबला. मी घमेलं उचललं तेव्हा त्याचा हाताला चटका बसला.

बाबा उठले आणि त्यांनी विचारलं, "पाह्यलं काय?"

मी म्हटलं, "हो. झोपले हायत तिघं बी."

त्यानंतर मला थांबता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, डोळे पूर्ण उघडले. तिसऱ्या दिवशी, पिसं फुटली, करडी-करडी. घोडी ओढत नेऊन जास्वंदीखाली ठेवायची, तिच्यावर चढायची आणि रिकाम्या घरट्यासमोर उभी राहून, बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात, आत नसलेली पिल्लं बघायची. आणि बुलबुलाची जोडी अजून येत होती. हे मला माहीत नव्हतं की पक्षी असं करतात. चोचीत किडा धरून मादी फांदीवर यायची, घरट्याच्या काठावर बसायची, आत पाहायची, आणि किडा चोचीत असतानाच ओरडायची. मग उडून जायची आणि पुन्हा यायची. दोन दिवस. सकाळी बाबांना न्हाणीत नेताना ते तिथे थांबले. "काहून वरडून राह्यली थे?"

"माणसं पाहून भेते."

"पिल्लायचा आवाज येत नाही."

"मोठे झाले न बाबा आता. चूप राह्यतात."

बाबांनी माझा हात धरला होता. त्यांनी तो जरा घट्ट धरला असं मला आज वाटतं, पण तेव्हा खरंच धरला होता की मी नंतर त्यात घातलं, हे आता सांगता येत नाही.

आईला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तिनं लोंबलेलं घरटं पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. चुलीपुढे बसून पीठ मळता-मळता हळूच म्हणाली, "सांगून टाक त्यायले." मी म्हटलं, उद्या सांगीन. ती म्हणाली, "मी नाही सांगणार. तुयं हाय थे." संध्याकाळी वंदनेला बसलो की पंचशील यायचं. पहिलं शील प्राणिहत्येपासून दूर राहण्याचं, चौथं खोटं बोलण्यापासून. ते मला पाठ होतं, अर्थासकट, विहारात मीच लहान मुलांकडून म्हणवून घ्यायची. चौथ्या शिलापाशी माझा आवाज बसायचा. तेव्हा बाबांचा एकट्याचा आवाज खोलीत उरायचा आणि ते शेवटपर्यंत नेऊन सोडायचे.

पट्टी काढायच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, "बाबा, उडाले. सकाळीच उडाले."

"तिन्ही?"

"तिन्ही."

"बरं झालं," बाबा म्हणाले.

यवतमाळला आई आणि ते दोघंच गेले. संध्याकाळच्या एसटीनं परत आले. उजव्या डोळ्यानं दिसत होतं, धूसर, पण दिसत होतं. डाव्यावर पांढरा पडदा आला होता, तो कायमचा. दारात उभे राहून त्यांनी मला पाहिलं, बराच वेळ पाहिलं, मान तिरपी करून, जसं त्यानंतर ते आयुष्यभर पाहणार होते. "वाळली तू," म्हणाले. मी वाट पाहत होते की ते आता मागे जातील, घरटं पाहतील, आणि त्या फाटलेल्या काड्यांवरून त्यांना सगळं कळेल. ते गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी न्हाणीत गेले, आले, जास्वंदीकडे मान वळवली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठ दिवस, दहा दिवस. पिल्लांचा विषय आमच्या घरातून असा नाहीसा झाला की जणू कधी आलाच नव्हता. मला जेवण जाईना. भुरी मांडीवर येऊन बसली की मी तिला ढकलायची आणि मग तिलाच कवटाळून रडायची. आवाज तर सुरूच होता. शाळा सुरू झाली तरी वर्गात बसल्या-बसल्या मला तो लोखंडाखालचा आवाज यायचा. अजून येतो. कुकरच्या शिट्टीआधी वाफ कोंडते तेव्हा, किंवा बंद डब्यात काही खडखडलं की, एकाएकी. मी हातातलं काम ठेवून झाकण उघडून पाहते. घरातल्यांना ही माझी सवय माहीत आहे, कारण यजमान सोडून कोणाला माहीत नाही.

शेवटी एका संध्याकाळी, आई दळण आणायला गेली असताना, मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले. ते अंगणात बसून थापीची मूठ बसवत होते. मी म्हटलं, "बाबा, पिल्लं नाही उडाले. भुरीनं मारले. मी कडी काढली होती. घोडी बी मीच ठेवली होती."

त्यांनी थापी खाली ठेवली. "किती मारले?"

"दोन."

"आन तिसरं?"

ते वाट पाहत राहिले. मी सांगितलं. घमेल्याचं, उन्हाचं, सगळं सांगितलं. सांगताना मी त्यांच्या तोंडाकडे पाहत नव्हते, त्यांच्या पायांकडे पाहत होते.

"मले मालूम होतं," बाबा म्हणाले. "मी झोपलो नव्हतो. घमेलं वाजलं ते बी आइकलं. मंग त्याचा आवाज येतच होता."

"मंग रोज काहून विचारत होते?"

"तू खरं कवा बोलते ते पाहून राह्यलो होतो." ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. "तुले भेव वाटलं, समजलं मले. पण माये डोळे आलेच नसते, तं मले जिंदगीभर तुयाच डोळ्यानं पाहा लागलं असतं. थे डोळे खोटं सांगून राह्यले असते तं मी कोणाले विचारलं असतं, सांग बरं?"

मी रडायला लागले. त्यांनी मला जवळ घेतलं नाही. ते कुंपणाकडे पाहत होते, त्या एका डोळ्यानं. मग म्हणाले, "एकट्या तुयावरच नाही हे. मी बी पडून राह्यलो. भिंत धरून दहा पावलं आलो असतो तं घमेलं उचलता आलं असतं. मले वाटलं, तू उचलशीन. तू येऊन सांगशीन. वाट पाहत राह्यलो, आन थे चूप झालं."

त्यानंतर आम्ही दोघं या विषयावर कधीही बोललो नाही. आईनं भुरीला दूर सोडून यायचं म्हटलं तेव्हा बाबा म्हणाले, "तिनं तिच्या जातीचं केलं. तिचा काय दोष?" भुरी म्हातारी होईपर्यंत आमच्याकडे राहिली. पण मी त्यानंतर कधी मांजर पाळली नाही.

दिवाळीनंतर बाबा कामावर जाऊ लागले. एका डोळ्यानं विटा रचता येतात, पण भिंत सरळ चालली की नाही ते नेमकं दिसत नाही. म्हणून रविवारी आणि सुटीच्या दिवशी ते मला बरोबर नेऊ लागले. त्यांनी ओळंबा सोडायचा, दोरीला लटकणारा तो लोखंडी लट्टू, आणि मी खाली उकिडवी बसून भिंत आणि दोरी यांच्यातलं अंतर पाहायचं. एका मास्तरांच्या घराचं काम होतं. सकाळपासून बाबांनी सात थर चढवले होते, घाम त्यांच्या पांढऱ्या डोळ्यावरून ओघळत होता, आणि मास्तर खुर्ची टाकून समोर बसले होते. बाबांनी ओळंबा सोडला. मी पाहिलं. पुन्हा पाहिलं. सगळी सकाळ वाया जाणार होती, मास्तरांसमोर बाबांची मान खाली जाणार होती, आणि पाव इंचाचा तो फरक कोणाच्या लक्षातही आला नसता.

"बाबा," मी म्हटलं, "दोन सूत बाहेर हाय. चवथ्या थरापासून."

मास्तर हसले. "अहो, पोरीचं काय ऐकता? तुम्ही स्वतः एकदा बघा ना."

बाबा वाकले नाहीत. दोरीकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"तिनं पाह्यलं न," ते म्हणाले, आणि हातोडी घेऊन वरचा थर पाडायला लागले. मी खाली पडलेली पहिली वीट उचलली आणि तिच्यावरचा ओला मसाला खरवडून काढू लागले.